मकडीच्या नावावर

आमच्या भागात अंगावर काहीही उठलं, की पहिला आळ मकडीवर येई. पुस्तकात तिला कोळी म्हणतात, पण महागावकडच्या आमच्या गावात लहानथोर सगळे मकडीच म्हणतात, म्हणून मीही इथे तेच लिहितो. लाल चट्टे आले, पुरळ आलं, पाण्याचे फोड आले, की म्हणायचं, मकडी फिरली. म्हणजे मकडी अंगावरून चालत गेली आणि जाताना विष टाकून गेली. कोणी म्हणे ती चावते, कोणी म्हणे ती मुतते. तिला यातलं काही करताना पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही.

मकडी फिरलेल्याने आमच्या घरी यायचं, हे माझ्या वडिलांपासून ठरलेलं होतं. वाळलेल्या कैरीच्या फोडी आणि गेरू सहाणेवर उगाळून त्याचा लेप लावायचा, कडुनिंबाच्या डहाळीने सात वेळा वरून खाली उतरवायचं, आणि मग पथ्य सांगायचं. पथ्य दोनच गोष्टींचं. तीन दिवस अंगाला पाणी लागू द्यायचं नाही आणि दवाखान्याची सुई घ्यायची नाही. पाण्याने विष पसरतं आणि सुईने ते आत मुरतं, असं वडील सांगत. त्यांना हे कोणी सांगितलं होतं, ते मी कधी विचारलं नाही. वडील गेल्यावर लोक माझ्याकडे येऊ लागले. आम्ही कोणाकडून काही घेत नव्हतो. त्यामुळे लोकांचा विश्वास जास्तच होता. बहुतेक माणसं तीन दिवसांत बरी होत. ती तशीही झाली असती, हे मला फार उशिरा कळलं.

आता त्या मकडीबद्दल सांगतो, कारण तिच्यावर मी खोटा आळ घेतला आहे.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या वर गेली, की दोन ओळींच्या मध्ये मकडीची गोल जाळी दिसू लागत. पोट बोटाच्या पेरापेक्षा थोडं लहान, त्यावर पिवळे आणि चंदेरी पट्टे. आठ पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे पसरलेले, आणि डोकं नेहमी खाली. जाळ्याच्या मधोमध ती पांढऱ्या जाड धाग्याची वेडीवाकडी शिवण घालते. जवळ गेलं, की जाळं गदागदा हलवते. त्यानेही माणूस हटला नाही, तर धागा सोडून खाली पडते आणि ढेकळात लपते. पांढरी माशी, तुडतुडे, पतंग, जे सापडेल ते गुंडाळून खाते. माझ्या लहानपणी कापूस वेचायला निघालेल्या बायांमधली एक जण पुढे काठी धरून चालायची, जाळी मोडायला, इतक्या त्या असत. मधल्या वर्षांत त्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या. फवारणी वाढली तेव्हा बोंडअळीच्या आधी त्याच मेल्या.

ती वर्षं विदर्भातल्या कोणाला नव्याने सांगायला नकोत. नवं बियाणं आलं, तेव्हा अळी लागणार नाही असं सांगितलं होतं. अळी लागली. मग एका औषधाने भागेना, म्हणून दोन औषधं एकाच पंपात कालवायची. फवारणीच्या विषाला आम्ही औषधच म्हणतो. कोणीतरी फवारता फवारता चक्कर येऊन पडल्याची बातमी गावात आठवड्याआड यायची. पण तो माणूस दुसऱ्या गावचा असायचा, आणि आपण सांभाळून फवारतो असं प्रत्येकाला वाटायचं. मलाही वाटायचं.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. खालची बोंडं फुटली होती आणि वरच्या बोंडांत अळी होती. मी मंगळवारी फवारलं, दोन औषधं एकत्र करून. दुकानदाराने बजावलं होतं की पंधरा दिवस त्या वावरात बाया घालू नका. गुरुवारी सकाळी आभाळ भरून आलं. फुटलेला कापूस भिजला असता तर मातीमोल झाला असता. मी वेचणीला बाया बोलावल्या. फवारणी झाल्याचं त्यांना सांगितलं नाही. वास येत होता, पण त्या वर्षी सगळ्या शिवारालाच तो वास होता.

त्या बायांमध्ये ती होती. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धांची वस्ती आहे, तिथली. नवरा गावातल्या लोकांची वखरणी-डवरणी करायचा, ती वेचणीला यायची. तिच्याइतका हात चालणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. दोन्ही हातांनी दोन ओळी एकदम वेचायची आणि बोंडात एक धागा मागे ठेवायची नाही. साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालायची, सगळ्याच बाया घालतात तसा.

सकाळी पानांवर दव होतं. बाया आत शिरल्या आणि दहा मिनिटांत कमरेपासून गळ्यापर्यंत ओल्या झाल्या. धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, तुरीची ओळ होती, तिथे औषध पडलं नव्हतं, म्हणून एक मकडी जिवंत होती. जाळं तुरीपासून पऱ्हाटीपर्यंत ताणलेलं. ती बाई त्यातून सरळ चालत गेली आणि मकडी तिच्या खांद्यावर आली.

मागची म्हणाली, "थांब वं, पाहुणी बसली तुया खांद्यावर. चाय ठेव तिच्यासाठी."

"बसू दे," ती म्हणाली. "माया नवऱ्याहून तं हल्की हाय."

"त्याच्याहून कामाची बी असंन."

सगळ्या हसल्या. तिने मकडी बोटावर घेतली, तुरीच्या शेंगांवर सोडली आणि वेचायला लागली. मी धुऱ्यावर उभा होतो. हे मी स्वतः पाहिलं.

दुपारी जेवणाच्या वेळेला ती माझ्याकडे आली. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, गळ्यावर आणि छातीच्या वरच्या भागावर चट्टे.

"भाऊ, पाहा बरं. आग होऊन राह्यली. थे सकायची मकडी फिरली वाट्टे."

मी जवळ जाऊन पाहिलं आणि मला औषधाचा वास आला. हवेतला नव्हे, तिच्या शर्टातला. शर्ट अजून ओला होता. तिला घाम फुटला होता, ढगाळ हवेच्या मानाने फारच. ती सारखी थुंकत होती आणि डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत होती.

"डोयायले काय झालं?" मी विचारलं.

"धुकं धुकं दिसते."

फवारणी करणाऱ्या गड्यांना असं होतं, हे मला माहीत होतं. मला स्वतःला एकदा झालं होतं. मकडी एका खांद्यावर होती आणि चट्टे दोन्ही हातांवर, हेही मला दिसत होतं. मी तिला म्हणालो, "मकडीच हाय. घरी चाल, लेप लावून देतो."

हे वाक्य मी का बोललो, याचा विचार मी वीसेक वर्षं करतो आहे. तहसीलवाले त्या दिवसांत गावोगाव फिरून विचारत होते, कोणी फवारलं, किती दिवसांनी माणसं घातली. ती भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तेवढा विचारही मी केला नव्हता. सगळ्या बायांनी मकडी पाहिली होती. ती स्वतःच मकडी म्हणत होती. मला फक्त हो म्हणायचं होतं.

घरी नेऊन मी लेप लावला, ओल्या शर्टाच्या बाह्या सारून. डहाळीने उतरवलं. तीन दिवस पाणी लावू नको, सुई घेऊ नको, म्हणून सांगितलं. ती निघून गेल्यावर बायको म्हणाली, "मंगयवारीच फवारलं होतं ना आपण?"

"हो."

"मंग?"

"मंग काय? मकडी साऱ्यायनं पाह्यली."

बायको सहाण उचलून धुवायला घेऊन गेली.

त्याच दिवशी संध्याकाळी तिचा नवरा आला. तिला उलट्या होत होत्या आणि उभं राहता येत नव्हतं. दवाखान्यात नेऊ का, म्हणून विचारायला आला होता. मी म्हणालो, एक दिवस थांब, सुई लागली तर विष मुरेल. तो गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मला निरोप आला, की ती बोलत नाही. तेव्हा मीही घाबरलो आणि त्यांच्यासोबत ऑटोत बसलो.

तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने बॅटरीने तिचे डोळे पाहिले आणि विचारलं, "फवारणीच्या शेतात गेली होती का?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. वावर माझं होतं, तिथे फवारलं होतं की नाही ते त्याला ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "नाही. मकडी चावली."

डॉक्टरने तसंच कागदावर लिहिलं. पण त्याने माझ्या बोलण्यावर विसंबून उपचार केला नाही, एवढं मात्र खरं. तिथल्या बाईला त्याने सांगितलं, आधी हिचे कपडे काढा आणि साबण लावून अंग धुवा, केसांसकट. मग सलाइन लावून यवतमाळला पाठवलं. मी व्हरांड्यात उभा होतो. आतून पाण्याचा आवाज येत होता. बाहेर मोरीतून माझ्या लेपाचं गेरूचं लाल पाणी वाहून आलं आणि माझ्या चपलेजवळून गेलं.

ती वाचली. आठ-दहा दिवसांनी घरी आली. पण पुढच्या महिन्यात तिच्या पायांतलं बळ कमी होत गेलं, मग हातांतलं. पाऊल उचललं की पंजा लोंबायचा. बोटं वळायची नाहीत. असल्या औषधानं काही जणांना मागाहून असं होतं, हे यवतमाळच्या डॉक्टरने तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं. नवरा म्हणाला, आमच्या घरात फवारणीचं औषधच नाही, मकडी होती. काही वर्षांनी ती काठी घेऊन चालू लागली. पण बोटांना बोंडातला कापूस परत धरता आला नाही. त्या गुरुवारी तिने वेचला तो शेवटचा.

ती घरी आली त्या आठवड्यात मी एकटा वावरात गेलो. धुऱ्यावर तीच मकडी, किंवा तशीच दुसरी, बसलेली होती. ती खरंच काय करते ते मला पाहायचं होतं. आधी हातावर सोडली. ती चालत कोपरापर्यंत गेली आणि धागा सोडून खाली उतरली. पुन्हा उचलली, पुन्हा उतरली. चार वेळा असं झालं. चिडून मी तिला कोपराच्या खोबणीत ठेवलं आणि अंगठ्याने दाबलं. तेव्हा ती चावली. बाभळीचा बारीक काटा टोचावा, तेवढं. मी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटांत हरभऱ्याएवढा लाल ठिपका आला, थोडी सूज, थोडी खाज. गांधीलमाशी याहून पुष्कळ वाईट. अर्ध्या तासात आग थांबली, संध्याकाळी ठिपका शोधावा लागला. लेप लावला नव्हता. रात्री त्याच हाताने आंघोळ केली.

एवढंच तिचं विष. एखाद्याला सोसलं नाही आणि अंग सुजलं, दम लागला, तर त्याने दवाखान्यात जावं, ते मधमाशीच्या चावण्यालाही लागू आहे. पण माणसाच्या हातापायांतलं बळ नेणारी ही मकडी नव्हे. ती आपण होऊन चावतसुद्धा नाही. हे मला त्या संध्याकाळी पक्कं कळलं आणि मी ते कोणालाही सांगितलं नाही.

गावात मात्र उलटं झालं. मकडीने एवढी धडधाकट बाई लुळी केली आणि भाऊंच्या लेपाने ती वाचली, अशी गोष्ट फुलसावंगीपर्यंत गेली. लोक जास्त येऊ लागले. कुंपणाच्या झुडपांवरही लोक फवारू लागले, मकडी राहू नये म्हणून. दोन हंगाम मी लेप लावत राहिलो. फक्त पथ्य बदललं. आधी साबणाने आंघोळ कर आणि मग ये, असं सांगू लागलो. कोणी विचारलं, पाणी तर चालत नाही ना, तर म्हणायचो, आता चालतं. पुढे हाताचा गुण गेला असं सांगून तेही बंद केलं. लोकांना वाईट वाटलं.

ती वाटेत भेटली, की काठी टेकून थांबायची. "भाऊ, तुमच्यानं वाचली मी," म्हणायची. असं तिने किती वेळा म्हटलं असेल, आणि मी प्रत्येक वेळा मान हलवली. नवरा तिच्या मागे उभा असायचा. वेचणीच्या दिवसांत तो दुसऱ्यांच्या वावरात कामाला गेला, की दिसलेलं प्रत्येक जाळं काठीने मोडायचा. मी त्याला मोडताना पाहिलं आहे. तीन वर्षांपूर्वी तो पोटाच्या दुखण्याने गेला.

या दिवाळीच्या आधी तिची सून माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. गळ्यावर चट्टे होते. दुसऱ्या कोणाच्या वावरातून आली होती. सासूला ती आत्या म्हणते.

"आत्यानं पाठवलं. म्हने, आधी भाऊचा लेप, मंग बाकी."

"मी लेप बंद केला. आंघोय कर साबनानं आणि दवाखान्यात जा. फवारलं का त्या वावरात?"

"काय मालूम." ती हटेना. "आत्या म्हनते, पानी नाही लावाचं. थ्यायनं लावलं नाही म्हनून वाचल्या."

मी बायकोला तिच्यासाठी न्हाणीत पाणी काढून द्यायला सांगितलं आणि तसाच तिच्या सासूकडे गेलो. ती ओट्यावर बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मंगळवारची फवारणी, शर्टाचा वास, लेप, दवाखान्यात काय बोललो ते, कोपरावरची मकडी. माझं संपल्यावर तिने विचारलं, "तुमाले तवाच मालूम होतं? का मंग समजलं?"

"तवाच."

"आन् आज काहून सांगून राह्यले?"

"सून आली म्हणून."

"म्हंजे थे आली नसती, तं सांगतलं नसतं."

उत्तर तिला कळलं होतं. सांगितलं नसतं.

तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मायं जाऊ द्या. मी तं बसली हाय जित्ती. थो मरेपर्यंत म्हने, म्या एक रात उशीर केला. म्या तुले येका रातीनं लुयी केली. दारू प्याला की रडे. मी म्हनो, नाही जी, मकडीनं केलं. हे त्याले सांगाचं होतं तुमी."

"हो."

"आता कोनाले सांगता?"

मी म्हणालो, लिहून ठेवतो. तिला लिहिता-वाचता येत नाही. सून शिकलेली आहे, ती वाचून दाखवेल, असं मी म्हणालो.

"लिहा," ती म्हणाली. "पन त्याचा उशीर लिहू नोका."

वर मी लिहिलं, की त्या संध्याकाळी तो दवाखान्यात नेऊ का म्हणून विचारायला आला होता. ते अर्धंच आहे. तो विचारायला आला नव्हता, सांगायला आला होता. ऑटो माझ्या दारासमोर उभा होता, चालू. ती आत आडवी होती आणि तिचं डोकं शेजारणीच्या मांडीवर होतं. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, नेतो मी इले." मी पायरी उतरून खाली गेलो, ऑटोवाल्याला गाडी बंद करायला लावली आणि तिला नि नवऱ्याला परत घरी पाठवलं. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना. दोन्ही वेळा मी नक्की म्हणालो.

त्याने उशीर केला नाही. तो वेळेवर निघाला होता.